नैवेद्याचे ताट आणि खर्ऱ्याची पुडी

॥ रामकृष्णहरि ॥

पुंडलीकाचे आख्यान लावले नाही असा सप्ताह आमच्या चाळीस वर्षांच्या सेवेत क्वचितच गेला असेल. आईबापांची सेवा हेच थोर तप, आणि त्या तपासाठी प्रत्यक्ष परमात्मा विटेवर तिष्ठत राहिला, हे आम्ही गावोगाव सांगितले. मुलांनी ऐकले, आईबापांनी माना डोलावल्या. आईबापांच्या माना अंमळ जास्तच डोलत, कारण आख्यानातले सारे कर्तव्य मुलांच्याच पदरात पडत होते. आता उतारवयात मनात येते की, मुलाने आईबापांसाठी काय करावे हे आम्ही पुष्कळ सांगितले. आईबापांच्या वागण्याने मुलाच्या देहाचे आणि सगळ्या घराचे काय होते, हे सांगावयाचे राहूनच गेले. आज तेवढेच सांगणार आहोत. ते सांगताना आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागेल. ती झाकून निरूपण केले, तर ते पोपटाचे बोलणे होईल.

प्रथम नामदेवरायांच्या बाळपणाकडे चला. दामाशेटी घरचा नैवेद्य नेमाने विठ्ठलाला नेत. परंपरा सांगते की, एके दिवशी ते परगावी गेले म्हणून माता गोणाईने ते ताट बाळ नामदेवाच्या हाती दिले. बाळाने ताट देवापुढे ठेवले आणि देव जेवीना म्हणून रडून रडून हट्ट मांडला. शेवटी देवाला जेवावे लागले. कीर्तनात आम्ही येथे देवाच्या जेवण्याचे वर्णन रंगवतो आणि टाळकरी टाळ उचलतात. पण क्षणभर थांबून ताट हाती देणाऱ्या त्या माउलीकडे पाहा. देव जेवतो, ही गोष्ट त्या बाळाला कोणी शास्त्रार्थ करून पटविली नव्हती. घरातून रोज ताट जाताना त्याने पाहिले होते. आज आईने त्याच्या हाती ताट दिले आणि जा म्हणाली. ज्या घराने धाडले ते घर आपल्याला फसवणार नाही, एवढ्याच बळावर ते लेकरू राऊळात उभे राहिले. लेकराची श्रद्धा आधी घरावर असते. देवावर ती मागाहून जडते.

ही कथा मनात धरून आता आपल्या गावच्या चौकात येऊन उभे राहा. भंडारा जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या; तुमसरकडचे घ्या, साकोली-लाखांदूरकडचे घ्या, नाही तर वैनगंगेच्या काठचे पवनीकडचे घ्या. दिवेलागणीची वेळ आहे. पानठेल्यापुढे सहा-सात वर्षांचे एक लेकरू टाचा उंच करून उभे आहे. मुठीत चुरगळलेली नोट आहे. ते म्हणते, "बाबानं दोन पुड्या मांगतल्या जी." ठेलेवाला पुड्या देतो, लेकरू धावत घरी जाते. त्याच्याही मनात तीच श्रद्धा असते, की घराने धाडले म्हणजे हे काम चांगलेच असणार. गोणाईने लेकराच्या हाती नैवेद्याचे ताट दिले. आम्ही काय दिले, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दूरच्या वाचकांना खर्रा ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भाजलेली सुपारी बारीक करावयाची, तीत तंबाखू आणि चुना घालावयाचा, आणि ते मिश्रण प्लास्टिकच्या पन्नीवर हाताने घोटून पुडी बांधावयाची. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात पाहुण्याचे स्वागत याने होते आणि लग्नात याची ताटे फिरतात. रोवणीच्या दिवसांत बाया बांधीच्या चिखलात दिवसभर कमरेत वाकलेल्या असतात, लेकरू धुऱ्यावर निजवलेले असते, आणि भूक मरते, कंबर दुखत नाही, म्हणून गालात तंबाखू धरलेली असते. त्या कष्टाला आम्ही हसत नाही. ज्याने पऱ्हे रोवले नाहीत, त्याने त्या माउलीला उपदेश करताना आधी हात जोडावेत. पण हात जोडून तरी सांगावेच लागते, कारण यातील सुपारी हा निरुपद्रवी विडा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलादेखील, तंबाखू नसली तरी, कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घातले. तंबाखूचा त्या यादीत आधीच समावेश होता. खर्ऱ्यात दोन्ही एकत्र आल्या.

याचा पहिला मार बसतो तो तोंडावर. सुपारीने गालाच्या आतले मऊ कातडे हळूहळू राठ होते, त्यात दोरीसारखे पट्टे धरतात आणि जबडा उघडेनासा होतो. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे एकावर एक उभी मावतात. या रोगात प्रथम तिखट खाल्ले की आग होते, गाल आतून पांढुरके पडतात. मग तीनाची दोन बोटे होतात, दोनाचे एक होते. त्यातून पुढे कर्करोगाचेही भय राहते. खाणे बंद केले तर रोगाची वाढ थांबू शकते, औषधाने व व्यायामाने थोडा आराम पडतो, काहींना शस्त्रक्रिया करावी लागते. पण राठ झालेला गाल पहिल्यासारखा मऊ होणे फार कठीण. गरोदर बाईने तंबाखू खाल्ली, गुडाखू लावली, तरी तिचे विष नाळेवाटे पोटातल्या बाळापर्यंत जाते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. प्रल्हादाने कयाधूच्या उदरात नारदांचा उपदेश ऐकला, असे भागवत सांगते. उदरातले बाळ आईपासून काही घेत असते हे आपण मानतो ना? मग ते काय काय घेते, याचाही विचार केला पाहिजे.

आता शास्त्राकडे वळू. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, अकराव्या अनुवाकात, विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू निरोपाचा उपदेश करतात. आईला देव मान, बापाला देव मान, आचार्याला देव मान, हे त्यातले सर्वांना माहीत आहे. पण त्याच ठिकाणी गुरू आणखी एक गोष्ट सांगतात, ती फार थोडे लोक ध्यानात ठेवतात. गुरू म्हणतात, आमचे जे चांगले वागणे असेल तेवढेच उचल, इतर उचलू नकोस. केवढा हा मनाचा मोकळेपणा! आचार्य आपल्या तोंडाने कबूल करतात की आमच्यातही न घेण्याजोगे काही असेल. परंतु सज्जनहो, हा निवाडा ज्याला सांगितला तो अध्ययन पूर्ण केलेला शिष्य होता. त्याच्यापाशी विवेकाचे सूप होते. तो पाखडून घेऊ शकत होता. पाळण्यातल्या, अंगणातल्या लेकरापाशी ते सूप नसते. ते दाणा आणि कोंडा एकदमच गिळते. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर लोक वागतात, हे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले. लेकराच्या जगात श्रेष्ठ माणूस म्हणजे त्याचा बाप. मग तो बाप पाटील असो की मजूर.

येथवर शास्त्र झाले. आता आमची चूक सांगतो.

संस्कृत पाठशाळेत असताना रात्री पाठांतराला जाग यावी म्हणून आम्ही तंबाखू मळावयास शिकलो. गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घालताना मद्यमांस वर्ज्य करण्याचे वचन दिले होते. तंबाखू त्या वचनात येते की नाही, यावर आम्ही तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल असा कीस काढला आणि निकाल आपल्याच बाजूने दिला. पुढे तंबाखूचा खर्रा झाला. कीर्तनाआधी एक पुडी, नंतर एक पुडी, हा नेमच पडला. एकादशी चुकली तर हळहळ वाटे, पुडी चुकली तर मात्र तळमळ होई.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पवनी तालुक्यातील एका गावी चातुर्मासात आमचा मुक्काम होता. एक विधवा बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पायांवर डोके ठेवून म्हणाली, "महाराज, याले बाप नाही जी. तुमच्या मांगं उभा राहू द्या, याले माणूस करा." मुलाचा गळा असा, की कार्तिकातल्या काकड्याला त्याने पहिला स्वर लावला की शेजारच्या आळीतली म्हातारी माणसे काठी टेकत देवळात येत. आम्ही त्याला मागे उभे केले, चाली दिल्या, अभंग पाठ करून घेतले. आणि रोज संध्याकाळी पानठेल्यावर धाडू लागलो. "जा बाळा, पुडी घेऊन ये." तो धावत जाई आणि धावत येई. त्या सेवेत त्याला धन्यता वाटत असे.

पुडी आणता आणता त्यातली सुपारी तो तोंडात टाकू लागला. एके दिवशी आमच्या दृष्टीस पडले. आम्ही त्याच्या कानशिलात मारली आणि पुन्हा असे केलेस तर हाकलून देईन म्हणून बजावले. मारताना आमच्या दुसऱ्या मुठीत पुडी होती. लेकराने त्या प्रसंगातून काय शिकावे? एवढेच, की ही वस्तू मोठ्या माणसांची आहे, आणि मोठे होईपर्यंत ती चोरून खावी लागते.

बावीस-तेवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याचा आवाज आत अडकू लागला. मोठा आकार लावावयाचा तर तो अर्ध्यावरच मिटे. आम्ही त्याला आळशी म्हणालो, रियाज सोडलास म्हणालो. शेवटी एका पंगतीत तो भाकर चुरून, वरणात कालवून, बोटाने ढकलून खाताना दिसला, तेव्हा नागपूरला दंतवैद्याकडे नेला. वैद्याने तोंडात बोटे घालून पाहिली; दीड बोट मावले. त्यांनी विचारले, "कधीपासून खाता?" मुलाने एकवार आमच्याकडे पाहिले आणि खाली मान घालून म्हणाला, "लहानपणापासून." कोणी लावले ते त्याने सांगितले नाही.

आज तो मृदंग वाजवतो. हात निर्मळ आहेत, बोल स्पष्ट उठतात. पण ज्या मुखातून नाम निघावे म्हणून एका आईने ते आमच्या हवाली केले होते, ते मुख अर्धे मिटले. एकदा आम्ही त्याच्याजवळ हा विषय काढला. तो म्हणाला, "महाराज, मी तुमाले दोष नाही देत जी." त्याने दोष दिला असता तर आमचे ओझे थोडे हलके झाले असते.

याउपर आमची पुडी सुटली असे तुम्हांला वाटेल. सुटली नाही, सांगावयास लाज वाटते. आम्ही ती फक्त त्या मुलासमोर खाईनासे झालो. मग एके दिवशी घरी आमचा नातू अंगणात कीर्तन मांडून बसलेला दिसला. गळ्यात उपरणे, कपाळी बुक्का, पुढे शेजारची दोन-चार पोरे. आम्ही कौतुकाने दाराआड उभे राहिलो. त्याने आधी तळहातावर चिमूटभर माती घेतली, अंगठ्याने मळली, वरून थाप मारून फुंकली, गालात टाकल्यासारखे केले, आणि मग मान वर करून, ओठ मिटवून, सांडू नये अशा बेताने बोलला, "रामकृष्णहरि." पोरे हसली, आम्हांला हसू आले नाही. आम्ही वर्षानुवर्षे जे कीर्तन केले, त्यातले त्याने प्रथम काय उचलले, ते डोळ्यांपुढे उभे होते. त्या रात्री हातची पुडी चुलीत टाकली. पुढचे दोन महिने झोप येईना, घरच्यांवर उगाच खेकसलो, दोनदा नेमही मोडला. तिसऱ्यांदा मात्र टिकला.

आता कोणी शंका घेतील. पहिली शंका अशी, "महाराज, आमच्या आज्याने ऐंशी वर्षे तंबाखू खाल्ली, त्याला काही झाले नाही." फार चांगले झाले. पण वैनगंगेला पूर आला असता एक जण पोहून आला, म्हणून आपण लेकरांना पुरात उतरवतो काय? जे पोहून आले त्यांचीच गोष्ट चावडीवर सांगितली जाते. जे बुडाले ते सांगावयास येत नाहीत. 2016-17 साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरील माणसांत चौघांत एकाहून थोडे अधिक लोक तंबाखू घेतात असे आढळले, आणि त्यांत ओढणारे थोडे, चघळणारेच फार. म्हणजे ज्या घरात कोणी खात नाही, त्याच्या शेजारचे तरी घर खाणारे आहे.

दुसरी शंका, "सरकार काय करते?" सरकारने कायदे केले आहेत. 2003 सालच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकता येत नाही. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. 2015 सालच्या बालन्याय कायद्यात लेकराच्या हाती तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्याचे हात लांब आहेत, पण ते ठेल्यापर्यंत पोचतात. उंबरठ्याच्या आत बाप लेकराच्या मुठीत नोट ठेवतो, तेथे शिपाई उभा करता येत नाही. तेथे बापालाच उभे राहावे लागते.

तिसरी शंका पैशाची. "एका पुडीने काय घर बुडते?" हिशेब मांडू. पुडी वीस रुपयांची धरा आणि दिवसाला तीन धरा. रोजचे साठ, वर्षाचे एकवीस हजार नऊशे रुपये झाले. आई-बाप दोघे खात असतील तर दुप्पट. साठ रुपयांत दररोज सुमारे लिटरभर दूध येते. घरात दूध नाही म्हणून लेकरू वाळते, त्या घराच्या भिंतीवर पिचकारीचे लाल डाग असतात, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आणि पुढे रोग जडला की बांधी गहाण पडते, औतावरचा मुलगा नागपूरच्या दवाखान्यात बापाच्या उशाशी बसतो. एका तोंडाचा रोग सगळ्या घराला होतो तो असा.

सज्जनहो, ज्ञानोबारायांच्या आईबापांची कथा आठवा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता यांना ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि मुलांची वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी ते पत्करले, असे परंपरा सांगते. तो काळ कठोर होता. तसले काही कोणी कोणाकडे मागू नये. आपली लेकरे तर आपल्याला जगलेले आणि धडधाकट पाहू इच्छितात. त्यांच्यासाठी आपल्याला टाकावयाची आहे ती एक पुडी.

म्हणून वाचकांच्या पायांशी बसून चार नेम मागतो.

पहिला नेम, लेकराला ठेल्यावर धाडू नये. ज्याची सवय आज सुटत नसेल, त्यानेही एवढे आजपासून करावे. स्वतः उठून जावे. जाताना चालावे लागेल तेवढा वेळ विचारालाही मिळेल.

दुसरा नेम, एकादशीला घरातल्या सर्वांनी, लहानमोठ्यांनी, आपापल्या तोंडात तीन बोटे उभी घालून पाहावी. लेकरू तिखटाला भिऊ लागले, गाल आतून पांढरे दिसले, तर रागावू नये, मारू नये, दंतवैद्याकडे न्यावे. मार खाल्लेले लेकरू तोंड लपवते, आणि लपलेल्या रोगाला औषध लागत नाही.

तिसरा नेम, ज्याला सोडावयाचे आहे त्याने एकट्याने झुंजू नये. घरच्यांना सांगावे, दवाखान्यात जावे; 1800-11-2356 या क्रमांकावर दूरध्वनी केला तर सरकारतर्फे विनामूल्य सल्ला मिळतो. एकदा मोडला म्हणून नेम टाकू नये. आमचा दोनदा मोडला होता.

चौथा नेम आम्हां कीर्तनकारांसाठी. सप्ताहाच्या मंडपात आमच्यापुढे पुडी येऊ नये, आणि आली तर ती घेऊ नये. काल्याच्या दिवशी लाह्या-दह्याचा प्रसाद आम्ही आमच्या हाताने लेकरांच्या ओंजळीत घालतो. त्या हाताला चुन्याचा वास येऊ नये.

ठेलेवाल्याचा राग करू नये, हेही सांगून ठेवतो. त्यालाही पोट आहे, त्याच्याही घरी लेकरे आहेत. आम्ही मागेनासे झालो की तोही दुसरे काही विकील.

शेवटी पुन्हा पुंडलीकापाशी येतो. तो जन्मतः मातृपितृभक्त नव्हता, हे आख्यानात आम्ही घाईने सांगून मोकळे होतो. त्याने आधी आईबापांना छळले होते. कुक्कुटऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तो मागे फिरला, आणि मागे फिरलेल्या त्या माणसासाठी देव आला. मुलाला मागे फिरता येते, तसे बापालाही येते. आमचा तो मृदंगी आता स्वतः बाप झाला आहे. परवा त्याच्या घरी गेलो होतो. त्याची चार वर्षांची लेक मांडीवर बसून बडबडगाणे म्हणत होती, चांगले तोंड भरून, आणि तो बोटांनी मांडीवर ठेका धरीत होता. आम्हांला पाहून तो उठू लागला. आम्ही त्याला बसूनच राहावयास सांगितले आणि तिचे गाणे संपेपर्यंत दाराशीच उभे राहिलो.

॥ रामकृष्णहरि ॥